पेडणे महालाचा इतिहास कसा लिहावा: एका शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर

पेडणे तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: 'आमच्या महालाचा इतिहास मराठीत लिहावा असं फार दिवस मनात आहे. गोव्याच्या इतिहासाची पुस्तकं चाळली तर पेडण्याच्या वाट्याला चार ओळी येतात. साधनं कुठे मिळतील, अडचणी काय येतील आणि नोकरी सांभाळून एकट्याला यातलं काय जमण्यासारखं आहे?' प्रश्न मनापासून विचारलेला आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो.

आधी त्या चार ओळींचं बघू. गोव्याचा इतिहास म्हटलं की १५१० ते १९६१, साडेचारशे वर्षं, हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो. तो तिसवाडीचा, म्हणजे पणजी-जुन्या गोव्याकडच्या भागाचा, हिशेब आहे. बारदेश आणि गोव्यातली साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, तिथेही तो जवळपास लागू पडतो. पेडणे मात्र सावंतवाडीकर भोसल्यांकडे होतं. मार्क्विस द आलोर्नाने १७४६ मध्ये हळर्ण आणि तेरेखोल हे किल्ले घेतले, तरी सबंध महाल पोर्तुगीजांच्या हाती कायमचा गेला तो १७८८ मध्ये, कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून सावंतांनी तो दिला तेव्हा. म्हणजे तुमच्याकडची पोर्तुगीज राजवट १७३ वर्षांची. जुन्या काबिजादींतली (तिसवाडी, बारदेश, साष्टी या आधी जिंकलेल्या भागांतली) देवळांची मोडतोड, १५६० मध्ये सुरू झालेलं इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, देशी भाषेविरुद्धचा १६८४ चा हुकूम, या सगळ्या काळात पेडणे त्या हद्दीबाहेर होतं. नव्या काबिजादी, म्हणजे पेडण्यासारखे अठराव्या शतकात मिळालेले महाल, ताब्यात घेताना तर तिथल्या लोकांच्या धर्माला आणि चालीरीतींना हात लावणार नाही अशी हमी द्यावी लागली होती. तेव्हा तिसवाडी-साष्टीचा साचा उचलून पेडण्यावर बसवू नका. बरीच पुस्तकं नेमकं हेच करतात आणि मग तुमच्या भागाबद्दल लिहिण्यासारखं त्यांच्याकडे काही उरत नाही.

आता कागद कुठे आहेत ते. पणजीचं पुराभिलेख खातं ही आपली मोठी ठेव. १५९५ मध्ये हे दफ्तर सुरू झालं आणि दियोगु द कोतु हा त्याचा पहिला राखणदार. गोवा आणि लिस्बन यांच्यातला वर्षावर्षाचा पत्रव्यवहार तिथे 'मोंसोंइश' नावाच्या खंडांत आहे. गलबतं मोसमी वाऱ्यांवर येत-जात, म्हणून हे नाव. तुमच्या कामाला त्याहून उपयोगी पडतील ते 'रेइश व्हिझिन्युश' हे खंड, म्हणजे शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार. सावंत, पेशवे, आंग्रे, करवीरकर सगळे त्यात भेटतात. पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दफ्तरात आयुष्य घालवलं आणि १९५५ मध्ये त्याचा वाटाड्या म्हणावा असा मार्गदर्शक खंड छापला. तो हाताशी ठेवल्याशिवाय दफ्तरात शिरू नका, नाहीतर कपाटांच्या गर्दीत हरवाल. दुसरी बाजू पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि सावंतवाडी-कोल्हापूरकडच्या कागदांत, मोडीत. लिस्बनचा राष्ट्रीय अभिलेखागार आता आपले बरेच कागद छायाचित्रांच्या रूपात घरबसल्या दाखवतो. माझ्या उमेदीच्या काळात यासाठी शिष्यवृत्ती आणि विमानाचं तिकीट लागायचं.

यातूनच पहिली अडचण उभी राहते आणि सगळ्यात मोठी संधीही. सोळाव्या-सतराव्या शतकातली पोर्तुगीज लिखावट वाचणारे लोक गोव्यात मोजके आहेत. मोडी वाचणारे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, गोव्यात कमी. दोन्ही वाचणारे जवळजवळ नाहीतच. त्यामुळे एकाच तहाची एक बाजू पोर्तुगीज जाणणारा लिहितो, दुसरी मोडी जाणणारा, आणि दोघांची गाठ पडत नाही. पोर्तुगीज सरकारने देशी राजांच्या पत्रांचं भाषांतर करायला दुभाषे नेमले होते, त्यांत आपले लोक पुष्कळ होते. कित्येक वेळा मूळ मराठी पत्र नाहीसं झालेलं असतं आणि दुभाष्याने केलेलं पोर्तुगीज भाषांतर मात्र शिल्लक असतं. दोन्ही मिळाली तर दुभाष्याने काय गाळलं, कुठे शब्द सौम्य केला, हे दिसतं, आणि तिथे राजकारण उघडं पडतं. तुम्ही शिक्षक आहात, शिकण्याची सवय आहे. मोडी काही महिन्यांत हाताखाली येते. छापील पोर्तुगीज वाचण्यापुरती भाषा यायला वर्ष-दोन वर्षं द्या. हस्तलिखित नंतर.

तारखांचं मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळा. मराठी कागदावर शुहूर सन असतो, मृगाला सुरू होणारा. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. शिलालेखावर शके असतं, त्यात ७८. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळात शिवाजी महाराजांच्या जीर्णोद्धाराचा लेख आहे तो शके १५९० चा, म्हणजे १६६८. पोर्तुगीज कागदात तर १५८२-८३ च्या सुमाराला पंचांगच बदललं. साष्टीतल्या कुंकळ्ळी गावची घटना एका पुस्तकात १५ जुलै १५८३ ला आणि दुसऱ्यात २५ जुलैला दिलेली दिसेल. दोन्ही बरोबर आहेत, एक जुन्या गणनेने आणि एक नव्या.

कुंकळ्ळीचा विषय निघाला आहे तर तिथे थोडं थांबतो, कारण प्रदेशाचा इतिहास लिहिताना कागद आणि गाव एकमेकांसमोर कसे उभे राहतात हे तिथे स्वच्छ दिसतं. त्या जुलैत रुदोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रसारक) सहकारी कुंकळ्ळीत मारले गेले. आक्वाविवा अकबराच्या दरबारातून नुकतेच परतले होते. त्याआधी त्या भागातली देवळं पाडली गेली होती आणि गाव धुमसत होता. पुढे बोलणी करायची म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. गावच्या जमिनी जप्त झाल्या. यावर लेखी साधनं भरपूर आहेत, पण ती बहुतेक सगळी जेझुइटांची पत्रं आणि पुढे त्या पाचांना धन्य घोषित करण्याच्या कामासाठी जमवलेली कागदपत्रं. १८९३ मध्ये पोपने तशी घोषणा केली. या कागदांना आपल्या माणसांचं बलिदान सांगायचं होतं. कोण कुठे गुडघे टेकून बसला, कोणाला कुठे वार लागला, हे त्यांत बारकाईने येतं. गावाला काय वाटत होतं हे त्यांना लिहायचंच नव्हतं.

मग गावाची बाजू कुठे शोधायची? कुंकळ्ळीची शांतादुर्गा त्या काळात फातर्प्याला नेली गेली. आजही शिगम्यात देवी बारा छत्र्यांसह फातर्प्याहून कुंकळ्ळीला आपल्या मूळ जागी येते. गुलालाने रस्ता लाल होतो. बारा छत्र्या म्हणजे गावकरीची (गावाच्या मूळ जमीनधारकांच्या मंडळाची) बारा वांगडं, म्हणजे कुळं. कोणती छत्री कोणाची, पुढे कोण, कोण कुठे थांबतं, कोणाच्या दारात मान घेतला जातो, हे सगळं ठरलेलं आहे, आणि त्या वांगडांतली कितीतरी घरं आज ख्रिस्ती आहेत. शेकडो वर्षांपूर्वीच्या गावकरीची रचना, तिच्यातली उतरंड, तिच्या मानापानाच्या जागा लोकांनी अंगावर वागवून आणल्या आहेत. असोळण्यात काय झालं, कोण एकटा नदीत उडी टाकून निसटला, हेही गावच सांगतो.

पण म्हणून गाव सांगेल ते सगळं १५८३ चं, असंही धरून चालू नका. उत्सव बदलत असतात. मान वाढतात, भांडणं होतात, एखादं घराणं खाली येतं, दुसरं वर जातं. असली भांडणं कोर्टात गेलेली असतात आणि ती कागदपत्रं पाहिली की उत्सवातलं काय जुनं आणि काय नंतर जोडलेलं याचा अंदाज येतो. मी अशा वेळी वहीत तीन रकाने आखतो: पत्र काय म्हणतं, गाव काय म्हणतो, जमिनीची नोंद काय म्हणते. तिन्ही जुळतात तिथे ठामपणे लिहितो. जुळत नाहीत तिथे तिन्ही वाचकापुढे ठेवतो.

तिसऱ्या रकान्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण हौशी इतिहासकार तोच सोडून देतात. साष्टी आणि बारदेशातली देवळं पाडल्यावर त्यांच्या जमिनी कोणाच्या हा प्रश्न आला. सरकारला वसुली हवी होती, म्हणून १५६७ च्या सुमारास त्या जमिनींची यादी झाली. तिला 'फोराल' म्हणतात. कोणत्या गावात कोणत्या देवाचं शेत, त्याच्या सीमा काय, उत्पन्न किती, कुठली जमीन देवळाच्या कोणत्या सेवेकऱ्यासाठी नेमलेली होती, हे त्यात येतं. देवळं पाडणाऱ्यांच्या वसुलीच्या वह्यांत देवळांची नावं अशी जिवंत राहिली. पंचक्रोशीत आज कोणाला आठवत नाही असा देव त्या वहीत आपल्या शेतासकट सापडतो. मग नकाशा घेऊन गावात जायचं. 'देऊळभाट' म्हणून जागा असते, देऊळ नसतं. शेताच्या नावावरून, तळीवरून, रोयणीवरून (वारुळावरून) जागा पटते. कागद वाचताना तो कोणी आणि कशासाठी लिहिला हे विचारलं, आणि मग तो जमिनीवर उतरवून पाहिला, की लिहिणाऱ्याच्या मनात नव्हतं तेही तो सांगतो. माझी सगळी उमेद या एका रीतीवर उभी आहे.

पेडण्यासाठी सोळाव्या शतकातला फोराल मिळणार नाही, पण त्याच जातीचे कागद आहेत. तुमच्याकडे देसाई, देशप्रभू, मोकासे, इनामं ही व्यवस्था होती. तिचे कागद घराण्यांकडे आणि सरकारात दोन्हीकडे आहेत. १८३७ पासून निघणारं सरकारी 'बोलेतीं' म्हणजे राजपत्र हे तर फारसं कोणी न उघडलेलं कोठार आहे: लिलावाच्या नोटिसा, जमिनींचे वाद, नेमणुका, बदल्या, दंड, साथी, रस्त्यांची कामं. वाचायला कंटाळवाणं आहे खरं. पण छापील आहे, तारीखवार आहे आणि गावाच्या नावाने शोधता येतं. पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये आपल्या गावांची नावं कशी होतात याची एक यादी आधी करून घ्या, म्हणजे डिचोली 'बिशोलीं' म्हणून समोर आली तर चुकणार नाही.

मुक्तीनंतरचे कागदही इतिहासाचेच आहेत. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांखाली मामलेदारांसमोर जे दावे चालले त्यांत कुळांच्या आणि मुंडकारांच्या (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्यांच्या) जबान्या आहेत. आपला बाप, आजा या भाटात कधीपासून राहतो, भाटकाराला काय द्यायचं, पावसाळ्यात घर शाकारायला झावळं कुठून आणायची, कोणाच्या लग्नाला कोणती चाकरी करायची, हे त्या माणसांनी शपथेवर सांगितलं आहे. ज्यांच्या नावाचा कागद गोव्यात कधी कोणी केला नाही त्यांचा आवाज इतक्या थेट स्वरूपात मला तरी दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. यावर कोणी नीट काम केलं तर गोव्याच्या इतिहासाचं एक दालन नव्याने उघडेल. अठराव्या शतकातल्या लढायांवर आणखी एक पुस्तक येण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

कागदच नसलेल्यांचा प्रश्न तरीही राहतो. गावडे, कुळंबी, वेळीप, धनगर, देवळाच्या चाकरीतल्या बायका, यांचा इतिहास मांडावर (गावच्या उत्सवाच्या पवित्र अंगणात), गाण्यात आणि जागेत आहे. धालोंची गाणी, फुगड्या, जात्यावरच्या ओव्या नुसत्या 'लोकसंस्कृती' म्हणून वेगळ्या प्रकरणात घालू नका. ओवीत घाटावरून येणारा बैल, बंदरातलं मीठ, मुंबईला गेलेला भाऊ येतो. हे व्यापाराचे आणि स्थलांतराचे धागे आहेत. मोरजेची मोरजाई, शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी आहेत ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. राजकीय नकाशावर जिथे जुन्या आणि नव्या काबिजादींची सीमा आखली आहे, तिथून ही नाती आरपार जातात. सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांच्या जत्रेला जात राहिली, हा इतिहासच आहे आणि तो शापोरा नदीच्या दोन्ही काठांवर उभं राहून लिहायला हवा. दसऱ्यानंतरची पेडण्याची पुनव पाहायला दरवर्षी जात असालच. या खेपेला वही घेऊन जा आणि तरंगांची (देवांच्या सजवलेल्या काठ्यांची) जागा, क्रम, मान टिपून घ्या.

एका अडचणीबद्दल पुस्तकांत सहसा लिहिलेलं नसतं. गोव्यात गावाचा इतिहास हा चालू दाव्यातला पुरावा ठरू शकतो. देवस्थानाचे महाजन कोण, मूळ गावकर कोण, पहिला मान कोणाचा, यावर पिढ्यान्पिढ्या खटले चालतात. तुम्ही गावात फिरू लागलात की एक पक्ष चहा पाजून आपला कागद दाखवील आणि दुसऱ्याचा कागद खोटा आहे म्हणून सांगेल. छापून आल्यावर तर फोन येतीलच. यावर माझा उपाय साधा आहे. दोन्हीकडचा चहा घ्यायचा, दोन्हीकडचे कागद पाहायचे, जे पाहिलं तेवढंच लिहायचं, आणि कोणाच्या घराण्याचं मूळ श्रेष्ठ की कनिष्ठ हा निवाडा आपल्या लेखणीतून द्यायचा नाही. पण कोणी म्हणालं की अमुक गोष्ट गाळा, तर पुरावा असताना गाळूही नका. जातीच्या अभिमानासाठी लिहिलेली घराण्यांची पुस्तकं आपल्याकडे चिकार आहेत. त्यांतला कागदोपत्री भाग कामाचा असतो. वंशवृक्षाची वरची टोकं सोडून द्या.

तशीच ओढाताण मोठ्या प्रश्नांवरही होते. एकाला पोर्तुगीज काळ म्हणजे नुसता छळ वाटतो, दुसऱ्याला नुसता सुवर्णकाळ. ज्या राचोलमध्ये फादर स्टीफन्सचं मराठी ओवीतलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, त्याच राचोलच्या कप्तानाने साष्टीतली देवळं पाडली. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात, शक्य तर एकाच प्रकरणात, यायला हव्यात. वाचक अस्वस्थ होईल. होऊ द्या.

घाई मात्र करावी लागेल, आणि ती दोन कारणांनी. एक म्हणजे आपली हवा. दमट हवेत वाळवी आणि कसर कागद फस्त करतातच, शिवाय जुनी लोहयुक्त शाई स्वतःच कागद जाळते. पान धरावं तर अक्षरांच्या जागी भोकं उरलेली असतात. त्यात घरं मोडून बंगले होतात, आजोबांची पेटी 'मोडीतली रद्दी' म्हणून निघते. देवळांच्या जीर्णोद्धाराचं तर मला फार दुःख होतं. जांभा आणि लाकूड काढून फरशी आणि सिमेंट येतं, चुन्याच्या भिंतीवरची तांबडी कावी चित्रं खरवडली जातात, शिलालेखावर ऑइलपेंट बसतो. जीर्णोद्धार ठरला असं कळलं की त्याच आठवड्यात जाऊन भिंत न् भिंत, दगड न् दगड फोटोत घ्या. समितीच्या लोकांशी गोडीने बोला, त्यांचा देव आहे, त्यांची भावना खरी आहे. फोटोला सहसा कोणी नाही म्हणत नाही. देवस्थानाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्याही त्याच वेळी पाहून घ्या. तेल, नारळ, वाजंत्री, सुतार-गवंड्याची मजुरी, कुठून कोण आला, सगळं त्यांत असतं. भावाचा आणि मजुरीचा इतका सलग हिशेब गावात दुसऱ्या कोणी ठेवलेला नसतो.

दुसरं कारण माणसांचं. तुमच्या महालात पत्रादेवी आहे, तेरेखोल आहे. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पत्रादेवीला कर्नैलसिंग बेनिपाल पोर्तुगीजांच्या गोळीने पडले. सत्याग्रहींच्या बाजूने यावर लिखाण झालं आहे आणि ते व्हायलाच हवं होतं. पण सीमेवरच्या गावांनी ती वर्षं कशी काढली? बांदा-सावंतवाडीला दिलेल्या लेकी, आर्थिक नाकेबंदीत बंद पडलेला बाजार, रात्री डोक्यावरून आणलेलं सामान, जखमी सत्याग्रहींना घरात घेतलेल्या बायका, पोर्तुगीज पोलिसांत चाकरीला असलेली गावातलीच मुलं. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज ऐंशी ओलांडून गेली आहेत. दफ्तर पुढच्या वर्षीही उघडं असेल, म्हणून सुरुवात या माणसांपासून करा.

रेकॉर्ड करताना भाषा सुधारायला जाऊ नका. पेडण्याच्या म्हाताऱ्या बोलतील तशी ती उतरू द्या. त्यांच्या तोंडची कोंकणी-मालवणी अवतरणात आणि तुमचं निवेदन मराठीत, हे वाचकाला अजिबात जड जात नाही. तारखा विचारू नका. 'कुठल्या पिकाच्या वेळी', 'कोणाच्या लग्नाआधी की नंतर' असं विचारा, तारीख आपण लावू शकतो. ज्याच्यावर गावात डाग आहे, पोर्तुगीजांचा माणूस म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात, त्याच्या घरीही जा. नाव छापू नये असं कोणी म्हटलं तर तो शब्द पाळा.

नोकरी सांभाळून जमण्यासारखं म्हणाल तर सबंध महाल एकदम धरू नका. एक गाव घ्या, जमल्यास तेरेखोल किंवा शापोऱ्याच्या काठचं, म्हणजे खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेती), मानशी (तिच्या बांधातलं पाण्याचं दार), मीठ, होडी सगळं त्यात येईल. एक-चौदाच्या उताऱ्यावरून (गोव्यातली जमिनीची सरकारी नोंद) शेतांची नावं, वाडे, देवळं, तळी यांचा हाती नकाशा काढा. या कामात वर्गातली मुलं उत्तम मदत करतात. प्रत्येकाला आपल्या वाड्याच्या जागांची नावं आजीकडून लिहून आणायला सांगा. त्या नकाशावर मग एकेक कागद ठेवत जा. एक गाव नीट झालं की दुसऱ्याला निम्मा वेळ लागतो, कारण नावं, घराणी, वाद यांची ओळख झालेली असते.

आणि जमवाल त्याच्या प्रती एकाच ठिकाणी ठेवू नका. फोटो आणि रेकॉर्डिंगचा एक संच शाळेत, एक पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात, एक ज्या घराने कागद दाखवला त्या घरात. मूळ कागद घेऊन येण्याचा मोह होतो, मालकही 'घेऊन जावा' म्हणतात. तिथेच बसून फोटो काढा आणि कागद त्यांच्या पेटीत परत ठेवा, सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून वर, भिंतीपासून हातभर दूर.